कपड्यांना वारा दाखवा

पावसाळा लागला की मुंबई-कोकणातल्या घरांत एका खोलीचा ताबा ओले कपडे घेतात. दोरी भरते, मग दारांच्या कड्या, मग खुर्च्यांच्या पाठी, आणि तरी तिसऱ्या दिवशी जीन्सचा कंबरपट्टा ओला तो ओलाच. अशा वेळी सुचणारे उपाय बहुतेक उष्णतेचे असतात. ओल्या शर्टावर इस्त्री फिरवायची, हीटर लावायचा, नाहीतर बाहेरचा दमटपणा आत येऊ नये म्हणून खिडक्या गच्च लावून घ्यायच्या. यातला शेवटचा उपाय तर चक्क उलटा पडतो. कपडे वाळतात ते आजूबाजूच्या हवेला पाणी घेण्याची ऐपत असेल तेव्हा, आणि पाणी घेतलेली हवा तिथून निघून जात असेल तेव्हा. ऊन या दोन्ही गोष्टींना मदत करतं, म्हणून सगळं श्रेय त्याला मिळतं. पण पावसाळ्यात ऊन नसलं तरी हवेकडून बरंच काम करून घेता येतं.

डिसेंबरात नागपूरचं दुपारचं तापमान जुलैतल्या मुंबईपेक्षा जास्त नसतं, किंचित कमीच असतं. तरीही तिथे सकाळी वाळत घातलेले कपडे दुपारपर्यंत खडखडीत होतात, कारण हवा कोरडी असते. मे महिन्यात विदर्भात साडी सावलीतही बघता बघता वाळते. याउलट जुलैत महाबळेश्वरला वारा भरपूर असतो, पण धुक्यातली हवा पाण्याने आधीच भरलेली असते. तिथे तो वारा कितीही वाहिला तरी टॉवेल वाळत नाही. म्हणजे नुसता वाराही पुरेसा नाही, हवेत जागा हवी. ती जागा मोजता येते. २९ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण २९ ग्रॅम वाफ मावते. हवेची आर्द्रता ७५ टक्के असेल तर त्यातली २२ ग्रॅमची जागा आधीच भरलेली असते. उरली सातेक ग्रॅम.

आता दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात ३४ घनमीटर हवा असते. म्हणजे खिडक्या बंद केल्या तर सगळ्या खोलीची मिळून ऐपत पाव लिटर पाण्याची. आणि तीन किलो सुती कपडे हाताने पिळून टाकले तर त्यांच्यात जवळपास तीन लिटर पाणी शिल्लक असतं. पाव लिटर उडालं की खोलीतली हवा तृप्त होते आणि वाळण्याचं काम जवळजवळ थांबतं. पुढे जे थोडंफार पाणी जातं ते भिंती, पुस्तकं, गाद्या आणि कपाटातले धुतलेले कपडे पितात. पावसाळ्यात कपाट उघडल्यावर येणाऱ्या कुबट वासाचं एक कारण शेजारच्या दोरीवर लटकत असतं. हे तीन लिटर बाहेर काढायचे तर खोलीतली सगळी हवा निदान बारा वेळा बदलायला हवी, आणि दर वेळी आत आलेली हवा पूर्ण भरून निघत नाही हे धरलं तर त्याहून बरीच जास्त वेळा.

इथे साहजिक शंका येते की बाहेर पाऊस कोसळत असताना खिडकी उघडली तर आणखी दमट हवाच आत येणार. वरवर पटणारी शंका आहे, पण ती तापमान विसरते. पावसात बाहेरची हवा समजा २६ अंशांची आणि ८८ टक्के आर्द्रतेची आहे. तिच्यात घनमीटरमागे साडेएकवीस ग्रॅम वाफ असते. ही हवा २९ अंशांच्या घरात आली, थोडी तापली, की तिची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येते, म्हणजे तेवढीच सात ग्रॅमची जागा तयार होते. घरात माणसं, स्वयंपाक, फ्रिज यांमुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंश गरम असतेच. त्यामुळे पाऊस आत येणार नाही एवढी काळजी घेऊन समोरासमोरच्या दोन खिडक्या किलकिल्या ठेवणं फायद्याचं. एकच खिडकी असेल तर न्हाणीघराचा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवून दार उघडं ठेवावं. तो घरातली ओली हवा ओढून बाहेर टाकत राहतो. अपवाद एकच. एसी ‘ड्राय मोड’वर किंवा हवा कोरडी करणारं यंत्र लावलेलं असेल तर मात्र खिडक्या बंद हव्यात, कारण तिथे हवा बाहेर न जाता यंत्रातच पिळली जाते.

पण सगळ्यात मोठी बचत दोरीपर्यंत पोचण्याआधी होते. एक लिटर पाण्याची वाफ करायला जवळपास २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे विजेचे पाऊण युनिटपेक्षा थोडे कमी. तेच पाणी वॉशिंग मशीनच्या स्पिनमध्ये फिरवून काढायला याचा अगदी किरकोळ हिस्सा पुरतो. स्पिनचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: ड्रम तोच असेल तर मिनिटाला ७०० ऐवजी १,४०० फेरे म्हणजे चौपट जोर. चांगल्या स्पिननंतर सुती कपड्यात त्याच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी उरतं, म्हणजे वरच्या हिशेबातले तीन लिटर दीडवर येतात. सेमी-ऑटोमॅटिक मशीन असलेल्या घरांनी त्याचा स्पिनर पुन्हा एकदा फिरवावा. मोठ्या लाँड्रीत कपडे वाळवण्याआधी ‘हायड्रो’ नावाच्या मोठ्या स्पिनरमध्ये घालतात ते याच हिशेबाने. स्पिनने चुण्या पडतात ही तक्रार खरी आहे. त्यासाठी कपडा बाहेर काढल्याबरोबर दोन-चार वेळा सणसणीत झटकावा. मशीन नसेल किंवा कपडा नाजूक असेल तर तो कोरड्या जाड टॉवेलात गुंडाळून वरून दाबावा. टॉवेलचे धागे पाणी शोषून घेतात आणि लोकरी स्वेटरसारख्या वस्तूला पिळाही बसत नाही.

दोरीवर गेल्यावर प्रश्न उरतो तो कपड्याला चिकटून बसलेल्या ओल्या हवेच्या पातळ थराचा. तो थर हलवला की वाळणं वेग घेतं. म्हणून पंखा. छताचा पंखा हवा खाली ढकलतो, त्यामुळे छतालगतच्या बांबूवर काठीने वर चढवलेल्या कपड्यांना त्याचा फारसा उपयोग नसतो. टेबलफॅन बाजूने लावला तर जास्त काम करतो. ७५ वॉटचा पंखा सहा तास चालला तरी अर्ध्या युनिटच्या आतच वीज खातो. वाफ करायला लागणारी बाकी उष्णता वाहती हवा स्वतःच्या खिशातून देते, आणि ती फुकट असते. दोन कपड्यांत वीतभर अंतर हवं, आणि दोरीवर दाटीवाटीने दहा कपडे घालण्यापेक्षा निम्मे आज, निम्मे उद्या धुणं बरं. चौपदरी टाकलेल्या साडीचे आतले पदर कोंडलेले राहतात. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कंबर दोन दोऱ्यांवर पसरून टांगावी म्हणजे पायांतून हवा खेळते.

उन्हाने जंतू मरतात, पंख्याने कसे मरणार, असाही आक्षेप असतो. सावलीत वाळलेल्या कपड्यांच्या वासाचा छडा जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये लावला. ‘मोरॅक्सेला ओस्लोएन्सिस’ नावाचा जिवाणू कपड्यावर उरलेल्या घामावर आणि तेलावर जगतो आणि वास येणारं आम्ल तयार करतो. हा जिवाणू कोरडेपणा आणि अतिनील किरण बऱ्यापैकी सोसतो, तेव्हा थोड्याशा उन्हावर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. त्याला वाढायला ओल आणि वेळ लागतो, आणि भराभर वाळवण्यात आपण तोच वेळ काढून घेतो. वास मुरलेले टॉवेल-पंचे मात्र ६० अंशांच्या गरम पाण्यातूनच काढावे लागतात.

अंथरुणाचं गणितही हवेचंच आहे, फक्त इथे ती कापसाच्या आत कोंडलेली असते. गादीचा मऊपणा म्हणजे तंतूंच्या मधली हवा. साधारण हवामानात कापूस स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरून असतो, म्हणजे दहा किलोच्या गादीत पाऊण लिटरहून जास्त पाणी. हवा ९० टक्क्यांच्या आसपास दमट झाली की हे प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. ओले तंतू लवचिक होतात, अंगाच्या भाराखाली दबतात आणि दबलेल्या अवस्थेतच वाळून एकमेकांना धरून बसतात. दोरीवर वाळलेला टॉवेल कडक होतो तोही असाच. काओ कंपनी आणि होक्काइदो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की वाळल्यावरही कापसाच्या पृष्ठभागावर उरलेलं पाणी तंतूंना जोडून ठेवतं. म्हणून गादीला नुसतं ऊन दाखवून भागत नाही. ऊन ओल काढतं, चिकटलेले तंतू सोडवायला हालचाल लागते. वाळत असताना उलटसुलट करणं आणि काठीने झोडपणं हे धूळ काढण्याइतकंच त्यासाठीही आहे. पिंजारी धनुकलीच्या तांतेने कापूस पिंजायचा तेव्हा तेच काम मुळापासून व्हायचं. आता यंत्रावर पिंजून देतात, पण दर काही वर्षांनी गादी उसवून पिंजून घेण्याला कापसापुरता पर्याय नाही.

बाकीच्या भरणांना हे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. सावरीचा कापूस पोकळ आणि मेणचट असतो, पाणी फारसं धरत नाही, पण त्याचे तंतू ठिसूळ, तेव्हा उशी झोडपण्यापेक्षा हलक्या हाताने थोपटावी. पॉलिएस्टरची उशी ओल जवळजवळ घेतच नाही. ती धुऊन दोनदा स्पिन करावी आणि वाळताना दोन्ही बाजूंनी चापट्या माराव्यात. फोमच्या गादीला कडक ऊन देऊ नये, उन्हाने फोम पिवळा पडतो आणि भुगा होऊ लागतो. ती भिंतीला उभी टेकवून पंखा लावला की झालं. आणि उठल्या उठल्या पलंगपोस ताणून पलंग नीटनेटका करण्याची शिस्त पावसाळ्यापुरती सैल करावी, कारण रात्रभर अंगातून निघालेली वाफ त्याखाली कोंडते. ऑक्टोबरात गाद्या गच्चीवर टाकल्या तर चारच्या सुमारास आत आणाव्यात. ऊन उतरू लागलं की हवेची आर्द्रता चढते आणि दिवसभर वाळलेला कापूस ती पुन्हा ओढून घेतो. ज्या रजया पेटीपलंगात जायच्या असतील त्या पंख्याखाली निवू द्याव्यात, आणि पेटीचं आतलं लाकूडही त्या दिवशी उघडं ठेवून वाळवून घ्यावं.