डोलणारा पूल आणि ०.८ चा गुणक

१० जून २००० रोजी लंडनमध्ये थेम्स नदीवरचा मिलेनियम पूल पादचाऱ्यांसाठी खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. गर्दी चालू लागताच पूल डावी-उजवीकडे डोलायला लागला होता. हे डोलणे सात सेंटिमीटरपर्यंत गेले. लोक कठडा धरून, पाय फाकवून चालू लागले आणि तोल सावरण्याच्या या धडपडीनेच पुलाला आणखी रेटा मिळत गेला.

नेमके काय बिघडले होते, हे एका स्प्रिंगवरून कळते. टांगलेल्या स्प्रिंगला वजन अडकवून ते १० सेंटिमीटर खाली ओढा आणि सोडा. स्प्रिंग जितकी ताणाल तितक्या जोराने ती मागे खेचते, हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये छापला. या नियमाने हलणाऱ्या वजनाचे स्थान सांगायला कोसाइन लागतो. शाळेत काटकोन त्रिकोणात भेटलेला हा कोसाइन कोन वाढेल तसा १ वरून ०, मग उणे १ आणि पुन्हा १ असा फिरत राहतो. वजनाचे वर-खाली होणेही तसेच. एक फेरी एका सेकंदात होत असेल, तर दर सेकंदाला ३६० अंश मोजायचे.

पण नुसता कोसाइन कधीच थांबत नाही. खरी स्प्रिंग थांबते, कारण हवा आणि धातूतले घर्षण तिची ऊर्जा खात असते. समजा, प्रत्येक फेरीचा झोका आधीच्या ०.८ पट होतो: १०, ८, ६.४, ५.१. मग ‘क’ सेकंदांनंतरचे स्थान असे लिहिता येते:

स्थान = १० × (०.८)^क × कोसाइन (३६०° × क)

अर्ध्या सेकंदाला उत्तर येते उणे ८.९, म्हणजे वजन मधल्या जागेच्या ८.९ सेंटिमीटर वर. दहा सेकंदांनी झोका जेमतेम १.१ सेंटिमीटर उरतो. अशा विरत जाणाऱ्या हालचालीला अवमंदित दोलन म्हणतात.

सूत्रात नजर जाते ती कोसाइनकडे. सुरक्षितता मात्र ठरते शेजारच्या साध्या गुणकावर. तो ०.९५ असेल, तर झोका निम्मा व्हायला तेरा-चौदा फेऱ्या लागतात, ०.३ असेल, तर दोनच फेऱ्यांत तो दहाव्या हिश्श्याखाली येतो. आणि गुणक १ च्या वर गेला, तर झोका विरण्याऐवजी वाढतच जातो.

मिलेनियम पुलावर हेच घडले. माणूस साधारणपणे सेकंदाला दोन पावले टाकतो, त्यामुळे त्याचा बाजूचा रेटा एका सेकंदाला एकदा डावी-उजवी फेरी पूर्ण करतो. पुलाच्या एका भागाची आडवी डोलण्याची स्वाभाविक गतीही जवळपास तेवढीच होती. नंतरच्या चाचणीत सुमारे १६० माणसांपर्यंत पूल फारसा हलला नाही. आणखी थोडी माणसे चढताच झोका झपाट्याने वाढला. पूल जेवढी ऊर्जा जिरवू शकत होता, त्याहून जास्त ऊर्जा चालणारे त्यात ओतत होते.

अभियंत्यांनी पूल पाडून नव्याने बांधला नाही. त्यांनी गुणकच बदलला. गाडीतल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरसारखे, द्रवातून दट्ट्या सरकवून ऊर्जेची उष्णता करणारे ३७ डॅम्पर पुलाखाली बसवले. जोडीला स्प्रिंगवर तोललेल्या वजनांचे पन्नासहून अधिक डॅम्परही लावले. या कामाला सुमारे ५० लाख पौंड खर्च आला. फेब्रुवारी २००२ मध्ये पूल पुन्हा खुला झाला. तेव्हापासून पादचारी पुलांचे आराखडे तपासताना माणसांच्या या आडव्या रेट्याचाही हिशेब मांडला जाऊ लागला.