वेळ हेच औषध

तालमीच्या मातीचा आणि तांबड्या रश्श्याचा अभिमान वाहणाऱ्या करवीरनगरीत, रंकाळ्यावर नित्य फेरी मारणाऱ्या धडधाकट गृहस्थाचे तोंड बोलता बोलता एकाएकी वाकडे व्हावे, हात लुळा पडावा, आणि ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून घरच्यांनी तेल चोळीत बसावे, हे पाहून जीव तुटतो. अशा पक्षाघातात मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या ४.५ तासांतच देता येते, आणि तत्पूर्वी मेंदूत रक्तस्राव नसल्याची खातरजमा सीटी स्कॅनने करावी लागते. म्हणून लक्षण दिसताच वेळ टिपून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. हृदयविकाराच्या झटक्याचे छातीवरील दडपण पित्ताचे समजून सोडा पिण्यातही असाच बहुमोल काळ दवडला जातो. पक्षाघात आणि हृदयविकार या दोहोंच्या मुळाशी पुष्कळदा निमूट वाढणारा रक्तदाब असतो. तो येथील छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयासारख्या सरकारी इस्पितळात मोजून घ्यावा, आणि वैद्यांनी औषध सुरू केल्यास, बरे वाटले तरी त्यात परस्पर खंड पाडू नये.