राउटरच्या पोटात काय काय!

पांढुर्णा असो की सौंसर, भिंतीवर लुकलुकणाऱ्या डब्याला आपण ‘वाय-फाय’ म्हणतो आणि मोकळे होतो. तो आहे अख्खा संगणक! प्रोसेसर आहे, रॅम आहे. नाही तो फक्त पडदा आणि कीबोर्ड.

धिप्पाड पूर्वज. असं पहिलं यंत्र १९६९ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात बसलं. आकार फ्रिजएवढा, वजन चारशे किलोंच्या घरात आणि मेमरी अवघी २४ केबी. आज १२८ एमबी रॅमचा साधा राउटरही त्याला पाच हजारपटींनी मागे टाकतो.

बंद करा, चालू करा. हा तोडगा उगाच नाही. वीज गेली की रॅम कोरी होते आणि तिथला गुंताही जातो. पासवर्ड मात्र फ्लॅश चिपमध्ये शाबूत राहतो. मागच्या बारीक भोकात पिन दाबून धरली, तर तोही गेला! पिन मुलांच्या हाती नको.

केसाएवढी काच, दोन प्रकाश. फायबरच्या जोडणीत येणारा डेटा १४९० नॅनोमीटरच्या प्रकाशावर येतो, जाणारा १३१०च्या. एकाच धाग्यातून, एकाच वेळी! दोन्ही प्रकाश डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून टोक डोळ्यासमोर धरून बघू नका. काचेतून वीज वाहत नाही. पण अ‍ॅडॉप्टरमधून आकाशातल्या विजेचा झटका आत शिरू शकतो. गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग काढलेला बरा.

काडी लांब, अँटेना आखूड. वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झ लहर साडेबारा सेंटिमीटरची, त्यामुळे प्लास्टिकच्या लांब काडीत खरी अँटेना बहुधा बोटभरच असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतं.

संत्र्याची बाग आडवी येते. आपल्याकडचा हा खास मामला. ओल्या, दाट पानांतलं पाणी या लहरी शोषून घेतं. घरातला राउटर बागेपलीकडच्या मोटरघरापर्यंत पोहोचत नाही, त्यात कंपनीचा दोष नाही.

उन्हाचा मार. वीज सांभाळणाऱ्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला साधारण निम्मं होतं. त्यात आपला मे महिना! राउटर विणलेल्या रुमालाने झाकू नका, टीव्हीमागे कोंबू नका. घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या हवेत ठेवा.