डाळ शिजली तरच सांबार जमते

इडली आणि डोसा हे पदार्थ आता मराठवाड्यातील घरांत पाहुणे राहिलेले नाहीत. जालन्यासारख्या शहरात आंबवलेले पीठ तयार मिळते आणि रविवारच्या न्याहारीला पोह्यांच्या जोडीने इडलीही मांडली जाते. मात्र सोबतच्या सांबाराविषयीची तक्रार कायम आहे. डाळ तळाशी बसते, पाणी वर तरंगते, चिंचेचा कच्चा वास जात नाही आणि हॉटेलातील चव काही केल्या येत नाही. दोष मग मसाल्याच्या पाकिटावर ढकलला जातो. एक पाकीट संपण्यापूर्वीच दुसरे आणले जाते आणि चव होती तिथेच राहते.

प्रत्यक्षात बिघाड बहुतेक वेळा मसाल्यात नसतो. तो डाळीत आणि ती शिजवण्याच्या क्रमात असतो. सांबार हा मुळात तुरीच्या डाळीचा पदार्थ आहे. मसाला, चिंच आणि भाज्या त्या डाळीच्या आधाराने उभ्या राहतात. ज्या जिल्ह्यात ही तक्रार ऐकू येते, त्याच जिल्ह्यात तुरीच्या वाणांवर अनेक वर्षे संशोधन होत आले आहे, हा यातील विशेष.

बदनापूरची तूर

जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या दरम्यान असलेल्या बदनापूर येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आहे. तूर उत्पादकांना परिचित असलेली 'बीडीएन' ही अक्षरे बदनापूरचीच. बीडीएन-२, बीडीएन-७०८, बीडीएन-७११ आणि बीडीएन-७१६ हे वाण या केंद्राने दिले. 'बीएसएमआर' या अक्षरांमागेही बदनापूर आहे. वांझ रोगाला प्रतिकार करणारे बदनापूरचे वाण, असा त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ होतो. बीएसएमआर-७३६ हा लाल दाण्याचा, तर बीएसएमआर-८५३ हा पांढऱ्या दाण्याचा वाण मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

या वाणांची गरज का भासली, हे शहरी वाचकाने समजून घेण्यासारखे आहे. तुरीचे दोन मोठे शत्रू म्हणजे मर आणि वांझ. मर रोगाची बुरशी जमिनीतून मुळांवाटे शिरते आणि उभे झाड वाळून जाते. वांझ रोगाचा विषाणू अत्यंत सूक्ष्म कोळ्यांमार्फत पसरतो. रोगट झाड हिरवेगार, झुडपासारखे दाट दिसते. पण त्याला फुले आणि शेंगा धरत नाहीत. शेत डोळ्यांना भरलेले आणि खळे रिकामे, अशी ही फसवणूक असते. त्यातच मराठवाड्यातील बहुतांश तूर पावसाच्या भरवशावर उभी असते. बीडीएन-७११ सारखा सुमारे पाच महिन्यांत तयार होणारा वाण म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. जमिनीतील ओल संपण्यापूर्वी त्याच्या शेंगा भरण्याची शक्यता अधिक असते.

या पिकातील चढउतार थेट स्वयंपाकघरात पोहोचतात. २०१५ मध्ये तूरडाळीचा किरकोळ भाव किलोमागे २०० रुपयांच्या घरात गेला होता. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने तुरीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ८ हजार रुपये जाहीर केली. डाळ महागली की वरण पातळ होते आणि सांबारात डाळ कमी, पाणी जास्त पडते. तूरडाळीत सुमारे २२ टक्के प्रथिने असतात. शाकाहारी घरात हा केवळ चवीचा प्रश्न उरत नाही. आणलेली डाळ नीट शिजवणे आणि तिचा पुरता उपयोग करणे, यालाही म्हणूनच महत्त्व आहे.

नावाची गोष्ट

सांबाराचा उगम तंजावरच्या मराठा दरबारात झाला, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरला सत्ता स्थापन केली आणि त्यांच्या वंशाचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. दरबारात आमटीसाठी लागणारी आमसुले संपली, तेव्हा स्थानिक चिंच वापरण्यात आली आणि पाहुणे म्हणून आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून पदार्थाला सांबार म्हणू लागले, असे ही कथा सांगते. कथा रंजक असली तरी ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. 'संभार' या संस्कृत शब्दाचा अर्थ साहित्य, सामग्री असा आहे आणि नावाचा संबंध त्याच्याशीही जोडला जातो. जालन्याला लागून असलेल्या विदर्भात तर 'सांबार' म्हटले की बाजारात कोथिंबिरीची जुडी हाती पडते.

आख्यायिका बाजूला ठेवली तरी चिंच-गुळाची आमटी आणि सांबार यांचे नाते लपत नाही. दोन्हींत तूरडाळ आहे, चिंच आहे, फोडणी आहे. फरक आहे तो भाज्यांच्या प्रमाणात आणि मसाल्याच्या जातीत.

डाळ का शिजत नाही?

डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या द्रव्याने जोडलेल्या असतात. गरम पाण्यात पेक्टिन विरघळते, पेशी सुट्या होतात आणि डाळ मऊ पडते. हे विरघळणे अडले की कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी दाणा अखंड राहतो. ते अडण्याची मुख्य कारणे तीन.

पहिले कारण आंबटपणा. चिंच, टोमॅटो किंवा आमसूल डाळीबरोबरच कुकरमध्ये घातले, तर आम्लामुळे पेक्टिन लवकर विरघळत नाही. वेळ वाचवण्यासाठी सगळे एकत्र शिजवण्याची सवय येथे महागात पडते.

दुसरे कारण पाणी. मराठवाड्याचा भूभाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे आणि अनेक ठिकाणी बोअरचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला आणखी घट्ट बांधतात. उन्हाळ्यात नळाचे पाणी आटले आणि बोअरवर किंवा टँकरवर भिस्त आली की तीच डाळ, त्याच कुकरमध्ये, अचानक शिजेनाशी होते ती यामुळे. अशा वेळी डाळीपुरते तरी गाळणयंत्रातील मऊ पाणी वापरावे. ते नसल्यास पाणी उकळून, थंड करून, वरचे निवळ तेवढे घ्यावे. त्यामुळे जडपणा काही प्रमाणात कमी होतो.

तिसरे कारण डाळीचे वय. उष्ण आणि दमट जागी दीर्घकाळ साठवलेली डाळ कठीण होत जाते. वर्षाची डाळ एकदम भरण्याची पद्धत असलेल्या घरांत डब्यावर महिना व वर्ष लिहून ठेवणे आणि जुनी डाळ आधी संपवणे हिताचे. साठवणीसाठी एरंडेल लावलेली डाळ असेल, तर ती कोमट पाण्यात चोळून दोन-तीनदा धुवावी.

डाळ अर्धा तास भिजवली तर ती लवकर शिजते आणि गॅसही वाचतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याचा उपाय अनेक घरांत केला जातो. त्याने डाळ मऊ होते हे खरे, परंतु 'ब-१' जीवनसत्त्वाचा नाश होतो आणि चवीला साबणासारखी झाक येते. रोजच्या स्वयंपाकात तो टाळलेलाच बरा.

चिंचेचे दोन गुण

डाळीला अडवणारी हीच चिंच भाज्यांच्या बाबतीत उपकारक ठरते. शेवगा, वांगी, लाल भोपळा आणि छोटे कांदे चिंचेच्या पाण्यात शिजवले, तर आम्लामुळे त्यांचा आकार टिकतो आणि फोडी विरघळून लगदा होत नाही. दक्षिणेकडील घरांत डाळ वेगळी आणि भाज्या चिंचेच्या पाण्यात वेगळ्या शिजवतात, त्यामागे हा अनुभव आहे. डाळ पूर्ण मोडावी आणि भाजी मोडू नये, या दोन उलट अपेक्षा एकाच भांड्यात पूर्ण होत नाहीत. शेवग्यासारखी कठीण भाजी मात्र आधी साध्या पाण्यात अर्धी शिजवून घ्यावी. अन्यथा ती कच्ची राहते.

चिंचेचे पाणी भाज्यांबरोबर आठ-दहा मिनिटे उकळले की तिचा उग्र वास जातो. शेवटी घातलेली चिंच जिभेला बोचते ती हे उकळणे राहून गेल्यामुळे.

येसराचा भाऊबंद

सांबार मसाल्याचे वैशिष्ट्य म्हणजे त्यात धने, मेथी आणि लाल मिरचीबरोबर भाजलेल्या डाळी असतात. मराठवाड्याला ही कल्पना नवीन नाही. येथील येसरही धान्ये, डाळी आणि मसाले भाजून दळलेले असते आणि लग्नघरची येसर आमटी त्याच्याच बळावर दाट होते. सांबारातील हरभरा आणि उडीद डाळ तेच काम करते. तिचे पीठ उकळीत फुगते आणि डाळ व पाणी वेगळे होऊ देत नाही. लवंग-दालचिनीचा काळा मसाला घातला, तर पदार्थ चांगला होईल, पण तो आमटीकडे झुकेल.

प्रांतागणिक सांबार बदलते. उडुपीकडे गूळ आणि ओले खोबरे असते, तमिळनाडूत आंबटपणा ठळक राहतो, केरळमध्ये खोबरेल तेलाची फोडणी पडते. महाराष्ट्राच्या जिभेला ओळखीचे झाले ते प्रामुख्याने उडुपी हॉटेलांतील किंचित गोड सांबार. घरी करताना कोणती चव हवी, हे आधी ठरवले तर गुळाचा अंदाज चुकत नाही.

साहित्य (चार ते पाच जणांसाठी)

तूरडाळ १ वाटी, हळद पाव चमचा, लिंबाएवढी चिंच, शेवग्याची १ शेंग, सोललेले छोटे कांदे ८ ते १०, लाल भोपळ्याच्या ५-६ फोडी, १ लहान वांगे, १ टोमॅटो, गुळाचा लहान खडा, मीठ, कोथिंबीर.

मसाल्यासाठी : धने २ मोठे चमचे, हरभरा डाळ १ मोठा चमचा, उडीद डाळ १ छोटा चमचा, मेथीदाणे पाव चमचा, मिरे ५-६, सुक्या ब्याडगी मिरच्या ५-६, कढीपत्त्याची १० पाने.

फोडणीसाठी : तेल २ चमचे, मोहरी, हिंग, १ सुकी मिरची, कढीपत्ता.

कृती

डाळ धुऊन अर्धा तास भिजवावी. हळद आणि दोन-चार थेंब तेल घालून तीन वाट्या पाण्यात कुकरला लावावी. चार शिट्ट्यांनंतर आच मंद करून पाच मिनिटे ठेवावी. वाफ आपोआप जिरू द्यावी आणि डाळ गरम असतानाच रवीने घोटावी. थंड झालेली डाळ घोटली तर गुठळ्या राहतात.

दरम्यान मसाल्याचे जिन्नस मंद आचेवर वेगवेगळे भाजावेत. दोन्ही डाळी तांबूस होईपर्यंत, धने खमंग वास सुटेपर्यंत. मेथी सर्वांत कमी भाजावी. ती करपली तर सगळे सांबार कडू होते. जिन्नस गार झाल्यावर बारीक पूड करावी.

चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ काढावा. पातेल्यात शेवगा आणि कांदे थोड्या पाण्यात अर्धे शिजवून घ्यावेत. मग उरलेल्या भाज्या, चिंचेचा कोळ, मीठ आणि गूळ घालून आठ-दहा मिनिटे उकळावे. भाजी शिजली की घोटलेली डाळ आणि दोन मोठे चमचे मसाला घालावा. दाटपणा पाहून गरम पाणी वाढवावे आणि मंद आचेवर पाच-सात मिनिटे उकळू द्यावे. शेवटी मोहरी, हिंग, सुकी मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी ओतून लगेच झाकण ठेवावे. दहा मिनिटांनी वाढावे. मुरल्यावर सांबार आणखी दाट होते, त्यामुळे आच बंद करताना ते किंचित पातळच असावे.

उरलेली मसाल्याची पूड हवाबंद बरणीत ठेवावी आणि महिन्याभरात संपवावी. एकदम किलोभर करून ठेवलेल्या पुडीचा सुगंध उडून जातो आणि मग पुन्हा दोष मसाल्यालाच येतो.

सांबार केवळ इडलीसाठी राखून ठेवण्याचे कारण नाही. भाताबरोबर ते पूर्ण जेवण ठरते. तांदळात कमी असणारे लायसीन डाळीत भरपूर असते आणि डाळीत कमी असणारे मेथिओनीन भातातून मिळते. भाकरी कुस्करूनही ते उत्तम लागते. शेवगा, भोपळा आणि वांगी आठवडी बाजारात मिळतात आणि तूर तर जिल्ह्याच्याच शिवारात पिकते. ब्याडगी मिरची आणि हिंग सोडले, तर या दक्षिणी पदार्थासाठी जालनेकरांना बाहेरून फारसे काही आणावे लागत नाही.