फुल-फ्रेम आवाक्यात आला. उजेड लेन्समधून येतो

१,३९९ डॉलर. जुलै २०२० मध्ये निकॉनने ‘झेड ५’ जाहीर केला तेव्हा अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत एवढी होती. दोन वर्षं आधी आलेला त्याचा थोरला भाऊ ‘झेड ६’ १,९९९ डॉलरला विकायला आला होता. म्हणजे त्याच मापाचा फुल-फ्रेम सेन्सर ६०० डॉलरने स्वस्त. कॅनन तर त्याहून पुढे गेली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ‘ईओएस आरपी’ची किंमत होती १,२९९ डॉलर.

घरचं कार्य, सहल, ट्रेक, अधूनमधून पैसे घेऊन केलेलं काम आणि थोडा व्हिडिओ, अशा सगळ्यासाठी एकच कॅमेरा हवा असेल तर झेड ५ आणि आरपी या दोघांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

| बाब | झेड ५ | ईओएस आरपी |
|---|---|---|
| मेगापिक्सेल | २४.३ | २६.२ |
| बॉडीतलं स्टॅबिलायझेशन | ५ स्टॉप | नाही |
| सेकंदाला सलग फोटो | ४.५ | ५ |
| एका चार्जिंगमध्ये फोटो (स्क्रीनवर पाहून) | ४७० | २५० |
| कार्ड स्लॉट | २ | १ |
| फोर-के व्हिडिओतला क्रॉप | १.७ पट | सुमारे १.६ पट |
| बॅटरी-कार्डासह वजन | ६७५ ग्रॅम | ४८५ ग्रॅम |

आरपी १९० ग्रॅमने हलका आहे आणि दिवसभर गळ्यात असेल तर तो फरक जाणवतो. पण सुरुवातीच्या किमतीनुसार शंभर डॉलर जास्त मोजून झेड ५ मध्ये स्टॅबिलायझेशन, जवळपास दुप्पट बॅटरी आणि दुसरा कार्ड स्लॉट मिळतो. लग्नाचं काम घेणाऱ्यासाठी दुसरा स्लॉट फार मोलाचा आहे. अक्षता पडण्याचा क्षण पुन्हा घेता येत नाही आणि कार्ड कधी दगा देईल याचा नेम नसतो. म्हणून सर्वांगीण वापरासाठी माझा कौल झेड ५ ला. मात्र हा कौल अर्धाच आहे, कारण उरलेला निकाल लेन्स लावते.

सेन्सरचा फायदा किती?

झेड ५ चा सेन्सर ३५.९ × २३.९ मिलिमीटरचा आहे. क्षेत्रफळ सुमारे ८५८ चौरस मिलिमीटर. निकॉनच्याच लहान सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांत ते साधारण ३६९ भरतं. म्हणजे फुल-फ्रेम २.३ पट मोठा. एक्स्पोजर तेच ठेवलं तर तो एकूण २.३ पट उजेड गोळा करतो. फोटोग्राफरच्या हिशेबात हा सव्वा स्टॉप झाला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). तो खरा फायदा आहे, पण सव्वा स्टॉपच आहे.

आता यावर २४–५० मिलिमीटरची किट लेन्स लावा. ती अवघी १९५ ग्रॅमची आहे, प्रवासाला सुटसुटीत आहे. पण ५० मिलिमीटरला तिचं सगळ्यात मोठं ॲपर्चर एफ/६.३ आहे. मित्राच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर तेवढीच चौकट देणारी एफ/२.८ ची लेन्स असेल, तर त्याच्या सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरवर पाचपट उजेड पडतो. त्याला आपल्या सेन्सरच्या २.३ पटीने भागलं तरी मित्राकडे दुपटीहून जास्त उजेड उरतो. फुल-फ्रेमसाठी मोजलेले पैसे अशा वेळी अंधाऱ्या हॉलमध्ये वाया जातात.

तेवढ्याच पैशांत दहापट उजेड

झेड ५ आणि २४–५० लेन्स यांचा एकत्रित संच अमेरिकेत १,६९९ डॉलरला आला. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, निकॉनने ४० मिलिमीटर एफ/२ लेन्स आणली. वजन १७० ग्रॅम, तेव्हाची किंमत २९९ डॉलर. नुसती बॉडी आणि ही लेन्स मिळून बेरीज जवळपास तेवढीच. पैसे तेच, वजनही उन्नीस-बीस, पण एफ/६.३ आणि एफ/२ यांत उजेडाचा फरक दहापट.

संध्याकाळच्या रिसेप्शनचा हॉल घ्या. नवरा-नवरी पाहुण्यांशी बोलताहेत, हात हलताहेत, म्हणून शटर १/१२५ च्या खाली नेता येत नाही. अशा हॉलमध्ये एफ/६.३ ला आयएसओ सहज १२,८०० वर जातो. शालूच्या जरीतला बारकावा पुसट होतो, शेरवानीच्या गडद भागात नॉइज दिसू लागतो. त्याच उजेडात एफ/२ ला आयएसओ १,२५० च्या आसपास पुरतो. झूम नसल्यामुळे दोन पावलं पुढे-मागे व्हावं लागतं, पण जरीतला बारकावा टिकतो.

इथे स्टॅबिलायझेशन मदतीला येईल असं अनेकांना वाटतं. पाच स्टॉप म्हणजे ३२ पट. ५० मिलिमीटरला जिथे १/५० सेकंद लागायचा, तिथे कागदावर अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ हातात धरून फोटो घेता येतो. रात्री पेटलेली दीपमाळ, मंदिराचं शिखर, गुहेतलं कोरीवकाम यांसाठी हे वरदानच. पण ते फक्त आपल्या हाताची थरथर सावरतं. समोरचा माणूस हलला तर तो पुसटच येणार, आणि तिथे लेन्सच्या ॲपर्चरला पर्याय नाही.

कुठे पुरतो, कुठे कमी पडतो

झेड ५ चा फोटो ६०१६ × ४०१६ पिक्सेलचा असतो. इंचाला ३०० ठिपके धरले तर २० × १३ इंचांची छपाई निर्धास्त होते. लग्नाच्या १२ × ३६ इंची अल्बममध्ये एका पानासाठी तो पुरून उरतो. एकच फोटो पूर्ण जोडपानावर पसरला तर इंचाला १६७ ठिपके उरतात. असा फोटो घेताना रुंदीत क्रॉप करायला वाव ठेवू नये.

वेगाच्या बाबतीत मात्र झेड ५ खरोखर कमी पडतो. सेकंदाला ४.५ फोटो म्हणजे दोन फोटोंत ०.२२ सेकंदांचं अंतर. कबड्डीतला चढाईपटू सेकंदाला सहा मीटरने मागे पळत असेल, तर तेवढ्यात तो १.३ मीटर सरकतो. मध्यरेषेला हात लागल्याचा क्षण त्या फटीत सहज निसटतो. झेड ६ सेकंदाला १२ फोटो काढू शकतो, तिथे ही फट अर्ध्या मीटरवर येते. खेळ आणि उडते पक्षी हेच मुख्य काम असेल, तर झेड ५ घेऊ नये.

फोर-के व्हिडिओतही अडचण आहे. १.७ पट क्रॉपमुळे २४ मिलिमीटरची लेन्स ४१ सारखी वागते. छोट्या खोलीत मुलाखत घेताना पाठ भिंतीला टेकते, तरी चौकटीत दोन माणसं नीट मावत नाहीत. फुल एचडीत ही अडचण नाही. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘झेड ५ टू’ने सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतचा हा क्रॉप काढून टाकला, वेगही वाढवला, सुरुवातीची किंमत १,६९९ डॉलरवर गेली. व्हिडिओ आणि वेग दोन्ही हवे असणाऱ्याने वरचे पैसे मोजणं रास्त आहे.

बाकीच्यांनी तेच पैसे लेन्सवर घालावेत. बजेट ठरवताना आधी लेन्सची रक्कम बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत बसेल ती बॉडी घ्या. बॉडी दर चार-पाच वर्षांनी जुनी होते. चांगली लेन्स पुढच्या दोन बॉडींवरही तेवढाच उजेड देत राहते.