अक्षर लहान होऊ लागले, तर…

औषधांची वही आता अनेक घरांत फोनवर आली आहे. कळफलकावरील बारीक अक्षरे शोधणे वार्धक्यात अवघड जाते. त्यापेक्षा पडद्यावर बोटाने किंवा डिजिटल पेनने लिहिणे वडीलधाऱ्यांना जवळचे वाटते. या लेखनाचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतील भेद घरातील सर्वांनी जाणून घ्यावा.

पहिला मार्ग अक्षर-ओळखीचा. जीबोर्ड कळफलकात मराठी भाषा जोडताना ‘हस्तलेखन’ निवडल्यास आपण लिहिलेला शब्द छापील मजकुरात बदलतो. मूळ वळण मात्र उरत नाही. दुसरा मार्ग डिजिटल शाईचा. गूगल कीपसारख्या नोंदवहीत रेखाटनाचा पर्याय घेतल्यास अक्षर जसे उमटले तसेच जपले जाते.

अक्षर ओळखताना यंत्र रेघांचा आकार, क्रम आणि दिशा पाहते. हात थरथरत असेल तर त्याची फसगत होते. १ आणि ९ यांतील गल्लत औषधाच्या मात्रेत महागात पडेल. म्हणून बदललेला प्रत्येक आकडा डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहावा.

मूळ हस्ताक्षर जपण्याचे कारण याहून मोठे आहे. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, लिहिता लिहिता अक्षर लहान आणि दाट होत जाऊ शकते. कधी हाताचा कंप ठळक होण्यापूर्वीच हा बदल दिसतो. छापील मजकुरात तो लपून जातो.

भंडारा जिल्ह्यातील चिखला येथे मॉयल या सरकारी कंपनीची मँगनीजची भूमिगत खाण आहे. अशा गावांतील निवृत्त कामगारांच्या घरी ही जाण विशेष हवी. मँगनीजची धूळ दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात श्वासावाटे शरीरात गेल्यास कंपवातासारखी लक्षणे उद्भवू शकतात, हे स्कॉटलंडमधील डॉक्टर जॉन कूपर यांनी 1837 मध्येच नोंदवले होते. याचा अर्थ प्रत्येक खाणकामगाराला हा विकार होतो, असा नव्हे. अक्षर बिघडण्यास अधू दृष्टी, सांधेदुखी किंवा काही औषधेही कारणीभूत असतात.

आपण एवढेच करावे: आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, तेच वाक्य चार वेळा लिहून घ्यावे. लिहिताना पडदा मोठा-लहान करू नये. काच गुळगुळीत असल्याने पडद्यावरील अक्षराची तुलना पडद्यावरच्याच अक्षराशी करावी. कागदावरही एक नमुना ठेवावा. जाड पेन असल्यास बोटांवरील ताण कमी होतो.

काही महिन्यांत अक्षर सतत आक्रसत असेल, चाल मंदावली असेल, तर या नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात आणि खाणीत कोणते काम किती वर्षे केले, तेही सांगावे. परंतु हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर नोंदी शोधत बसू नये. तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.