हलकी लोकर : विदर्भाच्या हवेत कोणते कापड निवडावे

लोकरीचे कापड फक्त थंडीचे, असा समज महाराष्ट्रात सर्वत्र आहे. घोंगडी, कांबळे, स्वेटर आणि जाड शाल यांच्या सहवासातून तो तयार झाला आहे. मात्र लोकरीपासून अत्यंत पातळ, हवेशीर आणि सुरेख फॉल असलेले कापडही विणले जाते. विदर्भासारख्या प्रदेशात कोट, बंदगळा, जॅकेट, लांब झगा किंवा ऐतिहासिक नाटकाचा पोशाख शिवायचा असेल, तर असे हलके लोकरी कापड निवडण्याचे कसब उपयोगी पडते. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो आणि डिसेंबर-जानेवारीत काही रात्री दहा अंशांच्या खाली उतरतो. कापड निवडताना वजन, वीण, धाग्याचा पीळ आणि तंतूची बारीकी या चार गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात. दुकानात मात्र सहसा शेवटची गोष्ट सर्वांत आधी सांगितली जाते.

नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरचा परिसर कापूस आणि संत्र्यांचा. नागपूरच्या कापडउद्योगाची ओळखही कापसाचीच. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल सुती कापडाची होती. तरीही लोकरी सुटिंगचा एक मोठा कारखाना या भागापासून फार दूर नाही. सावनेरवरून छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता राज्याची हद्द ओलांडून मराठी बोलणाऱ्या सौंसर तालुक्यात शिरतो. तेथील बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडचा कारखाना १९९१ पासून आहे. २०२३ मध्ये सौंसर तालुका नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेला, पण कारखान्याला अजूनही छिंदवाड्याचाच म्हणतात. रेमंडची सुरुवात १९२५ मध्ये ठाण्यात झाली आणि १९७९ मध्ये जळगावातही तिचा कारखाना आला. शुद्ध लोकर आणि टेरीवूल, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेली लोकर, अशा दोन्ही प्रकारचे सुटिंग मराठी मुलखाला नवे नाही.

लोकर उष्ण हवेत कशी चालते

लोकरीचा तंतू केराटिन या प्रथिनाचा असतो. केस आणि नखेही त्याचीच बनतात. तंतूचा पृष्ठभाग पाण्याचे थेंब काही वेळ अडवून धरतो, पण आतला भाग वाफेच्या रूपातील ओलावा शोषून घेतो. आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा सामावूनही लोकर हाताला ओली लागत नाही. पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का ओलावा घेते, म्हणून घामाच्या दिवसांत त्याचा कोट अंगाला चिकटतो. याशिवाय लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो. त्यामुळे चुरगळलेले कापड टांगून ठेवले की बऱ्याचशा चुण्या आपोआप निघतात. लोकर सहजासहजी पेटही घेत नाही, आणि दिव्यांच्या जवळ वावरणाऱ्या नटांच्या दृष्टीने हा गुण मोलाचा आहे.

हे गुण सर्वच लोकरीत असतात. उन्हाळ्यात त्रास होतो तो कापडाच्या जाडीमुळे आणि घट्टपणामुळे. दख्खनी मेंढीची जाड, राठ लोकर घोंगडीला उत्तम, पण तिच्यापासून अंगालगतचा पातळ कपडा होत नाही. त्यासाठी मेरिनो मेंढीची बारीक लोकर लागते आणि ती मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येते.

आधी वजन पाहावे

कापडाचे वजन एका चौरस मीटरला किती ग्रॅम, या हिशोबाने सांगतात. व्यापारात त्याला जीएसएम म्हणतात. ओव्हरकोटाचे कापड ४०० ग्रॅमच्या पुढे असते आणि थंड प्रदेशातील सुटाचे साधारण २८० ते ३४०. विदर्भात वर्षातील बराच काळ वापरायच्या कोटासाठी १९० ते २५० ग्रॅमचे कापड योग्य ठरते. झगा, ओढणी, सैल कुडता किंवा चुण्यांचा घागरा शिवायचा असेल तर १०० ते १५० ग्रॅमची चॅली ही मऊ, पातळ लोकर घ्यावी.

येथे एक फसगत होते. अनेक गिरण्या वजन चौरस मीटरवर न सांगता लांबीच्या मीटरवर सांगतात. कापडाचा पन्हा दीड मीटर असेल तर लांबीच्या मीटरला ३०० ग्रॅम म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅमच. म्हणून कोणते वजन सांगितले जात आहे, हे विचारून घ्यावे. खात्री नसेल तर दहा सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर तोलावा आणि आलेल्या ग्रॅमला शंभराने गुणावे. तुकडा २.२ ग्रॅम भरला तर कापड २२० ग्रॅमचे आहे.

मग वीण आणि पीळ

सारख्याच वजनाची दोन कापडे अंगावर अगदी वेगळी वागतात, कारण त्यांची वीण वेगळी असते. साध्या विणीत आडवा धागा एका उभ्या धाग्याच्या वरून आणि पुढच्याच्या खालून जातो. धाग्याला पीळ जास्त असेल तर तो गोल आणि टणक राहतो व धाग्यांमधली भोके मोकळी राहतात. ट्रॉपिकल नावाने मिळणारे सुटिंग या तत्त्वावर विणलेले असते. ते उजेडासमोर धरले तर बारीक जाळी दिसते, आणि तोंडाजवळ धरून फुंकर मारली तर हवा सहज पलीकडे जाते. उन्हाळ्यासाठी याहून सोपी परीक्षा नाही.

तिरप्या विणीत, म्हणजे ट्विलमध्ये, धागे एकमेकांजवळ दाटून बसतात. कापडाला सुरेख फॉल येतो, पण हवा कमी खेळते. सर्ज आणि गॅबर्डिन ही याच विणीची कापडे. हिवाळी लग्नातल्या बंदगळ्याला ती शोभतात. क्रेपचा पृष्ठभाग दाणेदार असतो आणि त्याला चुण्या चांगल्या बसतात, म्हणून स्त्रियांच्या पोशाखासाठी ते सोयीचे.

धागा कसा कातला आहे, यावरही बरेच अवलंबून असते. लांब तंतू विंचरून, समांतर करून कातलेल्या धाग्याचे कापड गुळगुळीत आणि पातळ होते; त्याला वर्स्टेड म्हणतात. आखूड तंतू नुसते पिंजून कातले की धागा फुगीर, लवदार होतो आणि ऊब धरून ठेवतो. फ्लॅनेल आणि ट्वीड यांचा पारंपरिक पोत असाच असतो. हलके सुटिंग जवळजवळ नेहमी वर्स्टेड असते.

शेवटी ‘सुपर’चा आकडा

कापडाच्या किनारीवर ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ असे शब्द विणलेले असतात. हा आकडा फक्त तंतूची बारीकी सांगतो. आंतरराष्ट्रीय लोकर वस्त्र संघटनेच्या नियमाप्रमाणे सुपर १०० साठी तंतूची सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनच्या आत, सुपर १२० साठी १७.७५ च्या आत आणि सुपर १५० साठी १६.२५ च्या आत असावी लागते. आकडा वाढला की मऊपणा व किंमत वाढते आणि टिकाऊपणा सहसा घटतो. कापडाचे वजन किंवा त्याचा थंडावा या आकड्यातून कळत नाही. रोज वापरायच्या कोटाला सुपर १०० किंवा ११० पुरेसे आहे. सुपर १५० चे नाजूक कापड मोजक्या प्रसंगांच्या पोशाखासाठी ठेवावे.

शुद्धतेची खूण म्हणून १९६४ पासून वूलमार्कचे चिन्ह वापरात आहे. शुद्ध नव्या लोकरीसाठी एक चिन्ह असते आणि निम्म्याहून अधिक लोकर असलेल्या मिश्र कापडासाठी वेगळे. चिन्ह नसेल तर किनारीचे दोन-चार धागे जाळून पाहावेत. लोकर हळूहळू जळते, ज्योत दूर नेली की विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेली काळी राख चिमटीत चुरली जाते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची कठीण गुठळी उरते. टेरीवूलमध्ये दोन्ही खुणा दिसतात. मिश्र कापड वाईट नसते. ते टिकते, कमी चुरगळते आणि परवडते. मात्र उन्हाळी कपड्यात लोकरीचा वाटा जितका जास्त, तितका आराम जास्त.

ऐतिहासिक पोशाखासाठी

जुन्या काळचा पोशाख शिवताना कापडाने त्या काळाचे रूप दाखवले पाहिजे आणि आजच्या माणसाला ते घालताही आले पाहिजे. नागपूरजवळचे उदाहरण सीताबर्डीच्या लढाईचे. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रजांच्या कंपनीचे सैन्य येथे भिडले. या प्रसंगावर नाटक बसवायचे तर दोन तऱ्हांची लोकर लागते.

पहिली कंपनीच्या पायदळाच्या तांबड्या कोटांची. हे कोट बनातीचे असत. बनात विणून झाल्यावर ओल्या स्थितीत खूप घोळली आणि रगडली जाई. लोकरीच्या तंतूंवरचे खवले त्यामुळे एकमेकांत अडकत आणि कापड आटून इतके घट्ट होई की कापलेली कड उसवत नसे. म्हणूनच जुन्या लष्करी कोटांच्या कडा अनेकदा न दुमडता तशाच सोडलेल्या दिसतात. खरी जाड बनात घालून रंगमंचावर दोन तास उभे राहणे कठीण आहे. त्याऐवजी २५० ते २८० ग्रॅमचे, लव असलेले मंद फ्लॅनेल घ्यावे. गुळगुळीत वर्स्टेड दिव्यांखाली चमकते आणि आजच्या सुटासारखे दिसते, म्हणून ते येथे टाळावे. फ्लॅनेलची कड उसवू शकते, तेव्हा ती आतून शिवून घ्यावी.

दुसरी तऱ्हा दरबाराची. मराठा दरबारात अंगरखे प्रामुख्याने सुती, रेशमी किंवा जरीचे असत. लोकर दिसे ती मानाच्या शालजोडीत, कमरेच्या पटक्यात आणि जामेवारात. कानी शाल आणि जामेवार यांची मूळ वीण तिरपी असते. त्यांच्या नकलेसाठी १३० ते १८० ग्रॅमचे मऊ ट्विल निवडून त्यावर नक्षी छापली किंवा भरली तर ते साध्या विणीपेक्षा खरे वाटते. पश्मिना साधारण १२ ते १६ मायक्रॉनची असते आणि ती नाटकाच्या खर्चात बसत नाही; मेरिनोच्या बारीक शालीवर काम भागते. शाहतूशचा विचारही करू नये, कारण चिरू या वन्यप्राण्याला मारून मिळवलेल्या त्या लोकरीचा व्यापार कायद्याने बंद आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि विसाव्याच्या आरंभीच्या वकील-मास्तरांच्या भूमिकांना अल्पाकाचा काळा कोट हवा असतो. अल्पाकाची किंचित चमक आणि कडकपणा आजच्या काळ्या, जास्त पिळाच्या ट्रॉपिकल कापडात बऱ्यापैकी उतरतो. आजच्या वकिलांनाही हेच कापड उपयोगी आहे. बार कौन्सिलच्या नियमात उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती शिथिल आहे, पण ती सवलत सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांना लागू नाही. नागपूर खंडपीठात मार्च-एप्रिलच्या उन्हात उभे राहणाऱ्याला पॉलिएस्टरच्या कोटापेक्षा २०० ग्रॅमची साधी वीण खूप सुसह्य होते.

कापण्यापूर्वी आणि शिवताना

दीड मीटर पन्ह्याच्या कापडात कोट आणि पँटला साधारण तीन ते सव्वातीन मीटर लागते; चौकडी जुळवायच्या असतील तर थोडे अधिक घ्यावे. कापण्याआधी कापड आटवून घेणे आवश्यक आहे. पाण्यात बुडवू नये. ओलसर सुती चादरीत गुंडाळून रात्रभर ठेवावे, मग सपाट पसरून सुकवावे आणि वाफेची इस्त्री द्यावी. इस्त्री फिरवण्याऐवजी ओल्या पंचावरून उचलून-उचलून दाबावी. थेट तापलेल्या इस्त्रीने लोकरीवर चकाकीचे डाग उमटतात.

पातळ लोकरीसाठी यंत्राला ११ नंबरची सुई आणि बारीक दोरा पुरतो. शिवणीत माया थोडी जास्त सोडावी, कारण मोकळ्या विणीच्या कडा लवकर निघतात आणि पुढे कपडा वाढवायचा झाल्यास तीच कामी येते. हवेशीर कोटाला पॉलिएस्टरचे अस्तर लावले तर लोकरीचा सारा लाभ वाया जातो. अस्तर सुती किंवा व्हिस्कोसचे घ्यावे आणि पाठीत अर्धेच लावावे. गळ्याला आणि छातीला जाड बकरमऐवजी हलका कॅनव्हास पुरेसा होतो.

सांभाळ

लोकरीचा कपडा दरवेळी धुवायचा नसतो. वापरल्यावर ब्रशने झटकून सावलीत रुंद हँगरवर टांगावा आणि दोन वापरांमध्ये किमान एक दिवस विश्रांती द्यावी. कोट ड्रायक्लीन करावा. साधी शाल किंवा चॅलीचा झगा थंड पाण्यात सौम्य साबणाने, न चोळता, न पिळता धुता येतो. गरम पाणी आणि घासणे मिळाले की बनातीसारखे आटणे सुरू होते आणि ते परत उलटवता येत नाही.

खरा शत्रू कसर. तिच्या अळ्या लोकर खातात आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेली जागा आधी पकडतात. म्हणून कपडा मळका असताना कधीही ठेवून देऊ नये. स्वच्छ, पूर्ण कोरडा कपडा सुती पिशवीत घालून घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावा. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर त्या कापडाला थेट लागू देऊ नयेत आणि कपडा घालण्यापूर्वी नीट वाऱ्यावर ठेवावा. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या कोरड्या उन्हात पेटी उघडून प्रत्येक घडी उलगडावी, शिवणी आणि कॉलरची आतली बाजू तपासावी आणि ब्रश फिरवून कपडा पुन्हा ठेवावा. एवढी काळजी घेतली तर नीट निवडलेला हलका लोकरी कोट अनेक वर्षे साथ देतो.